विबेके टोफ्ट आणि चौतीस नंबरची बाग

विबेके टोफ्टची आणि माझी पहिली भेट एका गोल चौकात झाली आणि ती साधारण दीड दिवस चालली. निदान मला तरी तसंच आठवतं. मी गाडीच्या चाकामागे होतो आणि ती शिकवणारीच्या सीटवर. चौकात शिरायचं कसं ते तिनं मला शिकवलं होतं, बाहेर पडायचं कसं ते पुढच्या धड्यात होतं. सातव्या फेरीला चौकातलं गवत कापणाऱ्या माणसानं आम्हाला हात केला. अकराव्या फेरीला त्याची सुट्टी झाली आणि तो घरी गेला. विसाव्या फेरीच्या सुमारास सूर्य दुसऱ्या बाजूला आला, पेट्रोलचा काटा खाली आला आणि मला माझ्या बायकोचा चेहरा नीट आठवेना. एवढ्या काळात बाजूच्या सीटवरून एकच आवाज येत होता, काळ्या पावावरचा मासा चावून खाण्याचा.

"घाई नाही," ती म्हणाली. "मी डबा दोन वेळचा आणलाय."

तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ते मी सांगणार नाही. ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक परत करावं तसं तिनं ते परत केलं आहे, आणि माझ्याकडे त्याची प्रत नाही.

ऑल्बोर्ग शहराच्या उत्तर भागात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना तिनंच शिकवलंय. ओळखायची खूण सोपी आहे. ही सगळी माणसं गाडी उभी करताना उजवीकडे मान वळवून नाशपतीचं झाड शोधतात. कारण दोन गाड्यांच्या मधे गाडी घालायची कशी हे ती प्रत्येकाला एकाच जागी शिकवायची, आमच्या बागवसाहतीच्या रस्त्यावर, चौतीस नंबरच्या कुंपणाशी. वसाहतीत फ्लॅटमधल्या लोकांसाठी बासष्ट छोट्या बागा. प्रत्येकीत चार वाफे, एक लाकडी खोपटं, एक झेंड्याची काठी आणि शेजाऱ्याबद्दल एक तक्रार. चौतीस नंबरात आस्टा नावाची म्हातारी आणि ते झाड. विद्यार्थी घामाघूम होऊन गाडी मागेपुढे करत असायचा आणि विबेके कुंपणावरून झाडाकडे बघत बसायची.

"तीस वर्षं मी बाजूच्या सीटवर बसतेय," ती एकदा मला म्हणाली. "दुसऱ्याच्या हातात चाक, माझ्या पायाखाली फक्त ब्रेक. चौथ्या मजल्यावर राहते, तिथे एक कुंडी आहे, त्यातही घरमालकाची तुळस उगवते. मला माझी स्वतःची जमीन पाहिजे. शंभर पावलांची असली तरी चालेल."

म्हणून तिनं प्रतीक्षायादीत नाव घातलं. आमच्याकडे बाग मिळते ती कुणीतरी मेल्यावर किंवा गुडघे गेल्यावर, आणि आमच्या लोकांचे गुडघे फार चिवट. ती एकशे अठ्ठ्याऐंशीवी होती. पुढचे बरेचसे कंटाळून गळाले आणि चौदा वर्षांत ती वर सरकत सरकत पहिली झाली. हे मला नेमकं माहीत आहे, कारण यादी माझ्याकडे असते. मी वसाहतीचा सचिव आहे. हे पद मला मिळालं ते मी त्या सभेला गेलो नव्हतो म्हणून.

बाई असल्याचं तिनं मला सांगितलं तेही गाडीतच. बागेतला कचरा न्यायला मी ट्रेलर घेतला होता आणि ट्रेलर ओढायचा परवाना काढायला पुन्हा तिच्याकडेच गेलो होतो. बेकरीसमोर मी ट्रेलर मागे घेत होतो.

"उजवीकडे थोडं. अजून. आणि हो, मी बाई आहे. नाव विबेके. आरसा बघ."

मी आरशाऐवजी तिच्याकडे बघितलं. मागे बेकरीच्या दारातल्या नऊ सायकली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"हे ऐकून लोक गप्प होतात," ती म्हणाली, "कुणी रडतं, कुणी मिठी मारतं. सायकली पाडणारा तू पहिला. ब्रेक."

तिनं सरकारकडे अर्ज केला. सरकारनं कळवलं, आता सहा महिने विचार करा आणि अजूनही तेच वाटत असेल तर परत कळवा. न कळवल्यास अर्ज रद्द.

"छपन्न वर्षं केला तो विचार यात धरत नाहीत का रे?" तिनं मला विचारलं. पण कुरकुर केली नाही. लाल दिव्याला थांबायला शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं तारीख फ्रिजवर चिकटवली आणि त्या तारखेला सकाळी आठ वाजून एका मिनिटानं कळवलं, "अजूनही तेच वाटतंय."

मग नवा नागरिक क्रमांक आला. आमच्या देशात माणसाला नाव असतं ते आईच्या सोयीसाठी. बाकी सगळ्यांसाठी क्रमांक असतो. जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. शेवटचा आकडा पुरुषाला विषम, बाईला सम. विबेकेला सम आकडा मिळाला, पाठोपाठ नावांची नोंद ठेवणाऱ्या चर्चच्या कार्यालयातून नाव मंजूर झालं, आणि आम्ही दालचिनीचे गोड वेटोळे पाव खाऊन ते साजरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून देशातल्या सगळ्या यंत्रांना वाटू लागलं की छपन्न वर्षांची एक बाई काल संध्याकाळी जन्मली आहे. ग्रंथालयानं तिचं स्वागत केलं आणि लहान मुलांचा विभाग कुठे आहे ते कळवलं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी दात तपासलेत का? गाडीच्या विमावाल्यांनी तर तिची नोंद नवशिकी चालक म्हणून केली आणि सोबत एक पत्रक पाठवलं, "चाकामागचे पहिले दिवस". ते तिनं गाडीत आरशाखाली चिकटवलं. विद्यार्थी ते वाचून आणखी घाबरायचे, त्याची तिला फार मजा वाटायची. हे सगळं ती एकेक करून, फोनवर, न चिडता सरळ करत गेली.

घोटाळा केला तो मी.

तिचा नवा क्रमांक मी मोठ्या उत्साहानं वसाहतीच्या संगणकात घातला. संगणकानं विचार केला आणि नवा अर्जदार म्हणून तिला यादीत टाकलं. दोनशे बारावी. जुनी नोंद पहिल्या जागी तशीच राहिली, तिच्यापुढे लाल अक्षरांत लिहून आलं, "क्रमांक अस्तित्वात नाही". आणि त्याच आठवड्यात आस्टाचे गुडघे गेले. चौतीस नंबर रिकामा झाला.

मी अध्यक्षांकडे धावलो. आमचे अध्यक्ष एगॉन. खिशात मोजपट्टी घेऊन फिरतात आणि कुंपण ठरलेल्या उंचीपेक्षा चार बोटं वर गेलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. विबेकेवर त्यांचा जीव आहे, त्यांच्या तिन्ही मुली तिच्याकडेच शिकल्या. पण नियमावलीवर त्यांचा जीव थोडा जास्त आहे.

"कलम नऊ," ते म्हणाले. "यादीतली जागा एकाची दुसऱ्याला देता येत नाही. जुन्या क्रमांकाची जागा नव्या क्रमांकाला दिली तर तेच होईल की!"

"अहो एगॉन, माणूस तीच आहे!"

"कलमात तसं लिहिलेलं नाही. मला वाईट वाटतं रे. खूप वाईट वाटतं. पण पहिली नोंद काढून टाक आणि दुसऱ्याला बोलाव."

दुसरा म्हणजे उलरिक नावाचा आर्किटेक्ट. त्यानं आधीच कुंपणाबाहेरून झाडाचा फोटो काढून, झाडाच्या जागी काचेचं घर रंगवून ठेवलं होतं. पुढच्या शनिवारी वार्षिक सभा होती. तोपर्यंत नोंद खोडायची नाही, एवढं मी एगॉनकडून मिळवलं आणि विबेकेला सगळं सांगितलं. मला वाटलं ती मला ट्रेलरला बांधून ओढेल.

"नियमावली आण," ती म्हणाली. दोन तास वाचली. मग म्हणाली, "छान लिहिलीये. कुणी वाचलेली दिसत नाही."

शनिवारी दुपारी सभा भरली. रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांनी उभं राहून बेसूर गाणं म्हटलं, मग चीजचे पाव आले, मग कंपोस्टवर एक तास भांडण झालं. विबेके मागच्या रांगेत निळा कोट घालून, मांडीवर पर्स ठेवून बसली होती. शेवटी "इतर विषय" आला आणि ती उठली.

एगॉन लगेच म्हणाले, "विबेके, इतर विषयांत काही ठरवता येत नाही हं. ठराव असला तर चौदा दिवस आधी द्यायला हवा होता."

"ठरवू नकाच," विबेके म्हणाली. "मी फक्त विचारतेय. कलम पाच. यादीतली नोंद कधी जाते?"

एगॉननी न बघता सांगितलं, "मृत्यू, लेखी माघार, किंवा गाव सोडल्यास."

"मी मेलेय का?"

"नाही," एगॉन म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "फेब्रुवारीत तिनं माझ्या भाच्याला नापास केलंय. जिवंत आहे!"

"माघार घेतली? नाही. गाव सोडलं? त्याच चौथ्या मजल्यावर आहे, जिने मोजून या. मग पहिली नोंद तुम्ही कुठल्या कलमानं काढताय?"

एगॉननी नियमावली उघडली. पानं उलटली.

"क्रमांक अस्तित्वात नाही असं संगणक म्हणतो," उलरिक म्हणाला.

"संगणक सभासद आहे का?" विबेकेनं विचारलं. "आणि कलम सात. बाग रिकामी झाली की सचिवानं काय करायचं?"

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मला कलम सात येत नव्हतं. एगॉननीच ते वाचलं, अगदी हळू, आणि वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "सचिवाने यादीतील पहिल्या अर्जदारास दूरध्वनी करावा. जो अर्जदार होकार देईल त्यास बाग द्यावी."

"यात ठरवण्यासारखं काही नाही," विबेके म्हणाली. "करा दूरध्वनी."

मी यादी उघडली. पहिल्या ओळीत तिचं जुनं नाव होतं. समोर सत्तर माणसं, आणि हे नाव आता मोठ्यानं वाचावं लागणार की काय! मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ होती, पण पर्सचा बंद ती बोटाला गुंडाळत होती. मग माझ्या लक्षात आलं, दूरध्वनी करायला नाव लागत नाही. मी नावावर अंगठा ठेवला आणि शेजारच्या फोन नंबराचे आठही आकडे दाबले.

तिच्या पर्समध्ये फोन वाजला.

तिनं तो तीनदा वाजू दिला. सभ्य माणूस तिसऱ्या घंटीला उचलतो. आणि आमच्याकडे सगळे उचलतात तसंच, आपलं नाव सांगत तिनं उचलला.

"विबेके टोफ्ट बोलतेय."

"नमस्कार," मी तीस पावलांवरून फोनमध्ये म्हणालो. "बागवसाहतीचा सचिव. चौतीस नंबर रिकामा झालाय. बाग हवी आहे का?"

"बघते हं," ती म्हणाली. "हो."

एगॉननी टेबलावर हातोडी आपटली. "कलम सात पूर्ण झालं. फोन उचलणाऱ्या आवाजाचं नाव काय असावं याबद्दल कलमात काही नाही." मग ते खाली बसले, रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. उलरिकनं मात्र मोठ्या मनानं तिला काचेच्या घराचं चित्र भेट दिलं. ते तिनं खोपटाच्या भिंतीला पडलेल्या भोकावर लावलं.

एप्रिलमध्ये तिनं फाटकावर पाटी ठोकली, "विबेके टोफ्ट". जुलैमध्ये वसाहतीकडून नव्या नावानं आणि अचूक पत्त्यानं तिला पहिलं पत्र गेलं. कुंपण चार बोटं वाढल्याबद्दलची ताकीद होती. खाली सही माझी.

ऑक्टोबरच्या वादळात नाशपतीचं झाड पडलं. आता तिथे बटाटे आहेत.