हिरव्या चौकड्यांतला उंदीर

आमच्या डोंबिवलीच्या चाळीतल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मुलं म्हणायचं आपलं, सगळ्यांची चाळिशी कधीच उलटली. मध्यंतरी त्यावर कोणीतरी पत्र्याच्या बोटीचा फोटो टाकला. आत वात पेटवली की परातीतल्या पाण्यात फटफट करत फिरायची, ती बोट. मग काय, दोन दिवस कोणाला दुसरा उद्योग नव्हता. टिकटिक वाजणारा बेडूक निघाला, बटण दाबून पाण्यातल्या रिंगा खुंटीवर अडकवायचा खेळ निघाला, कचकड्याची बाहुली निघाली आणि तिचा हात नेमका कोणी उपटला यावर जुनं भांडणही निघालं. खेळण्यांवरून गाडी रविवार सकाळच्या कार्टूनवर आली.

मी लिहिलं, ‘तो सायकलवरचा उंदीर कोणाला आठवतो का?’

कोणालाच आठवेना.

मला तर तो लख्ख आठवतो. लठ्ठ उंदीर, पाठीला जेवणाचा डबा, आणि सायकल चालवायला नुसती चढउताराची वेडीवाकडी वाट. चढ आला की त्याची जीभ बाहेर, उतार आला की दोन्ही पाय हवेत. आभाळापासून जमिनीपर्यंत सगळीकडे बारीक हिरव्या चौकड्या. आणि शेवटी तो आल्या वाटेने उलटा, शेपटी पुढे करून घरी जायचा. माझ्या लेकीने मोबाइलवर नाना तऱ्हेने शोधून पाहिलं आणि हात टेकले. “आई, तू हे स्वप्नात बघितलंयस,” ती म्हणाली.

एका उंदरावाचून माझं एवढं काय अडलं होतं, ते सांगते. मी पहिलीत जायच्या आधीच बाबा काविळीने गेले. माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत आणि एकच आठवण आहे. तिच्यात मी त्यांच्या मांडीवर बसून तो उंदीर बघतेय आणि ते हसतायत. बाकी सगळीकडे ते कॅमेऱ्यासमोर ताठ उभे. उंदीर खोटा ठरला तर ते हसणंही खोटं ठरणार होतं, आणि मग माझ्या हातात काही उरत नव्हतं.

शेवटी दादाला फोन लावला. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणजे त्याला जास्त आठवायला हवं.

“अगं, रविवारी बाबा घरी असायचेच कुठे?” तो म्हणाला. “कंपनीला सुट्टी शुक्रवारची. रविवारी ते ड्यूटीवर. आपल्याकडे सगळ्यांच्याच बाबांचं तसं होतं ना.”

हे मला कसं सुचलं नव्हतं? डोंबिवलीच्या कारखान्यांचा रविवार शुक्रवारी येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. पण कार्टून म्हटलं की माझ्या डोक्यात रविवारच पक्का बसलेला.

“आणि दुसरं,” दादा थांबायला तयार नव्हता, “चाळीत टीव्ही एकच, शेजारच्या काकूंकडे. तो ब्लॅक अँड व्हाइट होता. तुझ्या हिरव्या चौकड्या कुठून आल्या?”

मी फोन आपटला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणूनच जास्त राग आला. आईला विचारावं तर ती जाऊन तीन वर्षं झाली होती. दोन दिवस धुसफुसले, आणि मग रागाच्या वरताण कुतूहल झालं. चार वर्षांची पोर मनाने एखादा उंदीर रचेल. सायकलही रचेल. पण आभाळाला हिरव्या चौकड्या कोण कशाला रचेल? त्या मी कुठेतरी पाहिलेल्याच असणार.

टीव्हीवाल्या काकू आता कल्याणला मुलाकडे असतात. ग्रुपवर त्यांच्या मुलाकडून पत्ता घेतला आणि ठाण्याला वर्तकनगरात राहते मी, तिथून सकाळीच निघाले. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, पण बोलणं शाबूत. चहा यायच्या आत मी उंदराचा विषय काढला.

काकू खळखळून हसल्या. “अगं, तो टीव्हीत कुठला असायला! खोका होता तो, बुटांचा! भाऊजींनी केलेला.”

भाऊजी म्हणजे माझे बाबा.

मग मी खोदून खोदून विचारत गेले आणि काकू सांगत गेल्या. शुक्रवारी बाबा घरी, आई ऑफिसला, दादा शाळेत. त्यात शुक्रवारी हमखास लाइट जायचे. मी आणि चाळीतली अजून दोन-तीन शाळेत न जाणारी पोरं काकूंच्या घरात नुसती किरकिर करायचो. बाबांच्या कंपनीत भट्टीचं तापमान कागदावर नोंदवणारं एक मशीन होतं. सुई हलायची, पातळ कागदाची गुंडाळी सरकत राहायची आणि तिच्यावर तांबडी रेघ उमटायची. जुन्या झालेल्या गुंडाळ्या फेकून द्यायचे, त्या बाबा साहेबांना विचारून घरी आणायचे. मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढायचे, गुंडाळी दोन लाटण्यांवर चढवायचे आणि खोक्याला पाडलेल्या खिडकीतून सरकवायचे. काकू दार लावून घ्यायच्या. बाबा खोक्यामागे, गुडघ्यांत बॅटरी धरून.

“कागदावर चौकड्या होत्या?” मी विचारलं.

“हिरव्या. उजेड पडला की आरपार दिसायच्या. ती तांबडी रेघपण दिसायची. तिच्यावरनंच तर उंदीर जायचा.”

मी चहाचा कप खाली ठेवला. उंदराचा रस्ता म्हणजे भट्टीचं तापमान होतं. भट्टी तापली की चढ, निवली की उतार. आठवडाभर कंपनीत जे घडायचं, त्यावरून बाबा उंदराला सायकल चालवायला लावत होते. आणि खेळ संपला की गुंडाळी परत फिरवताना उंदीर उलटा घरी जात होता! मला इतका आनंद झाला की मी तिथूनच दादाला फोन लावणार होते.

“खोका कुठे गेला मग?”

“आमच्याच पलंगाखाली असायचा. तुझ्या आईला पसारा चालायचा नाही ना. भाऊजी गेल्यावर तिला नेऊन द्यायचं मला धाडस झालं नाही गं. राहिला तसाच. पुढे काढून बघते तर उंदरांनी कुरतडलेला.” आम्ही दोघीही हसलो.

हसता हसता माझ्या लक्षात आलं. बाबा खोक्यामागे होते, दोन्ही हात लाटण्यांवर, गुडघ्यांत बॅटरी. मग मांडी कोणाची?

“माझी,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाकडे बसायचीस तू?”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं जपलेली मांडी बाबांची नव्हती. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते, मी उंदराकडे बघत होते आणि ते खोक्याआड होते. हसणं तेवढं खरं निघालं. काकू म्हणाल्या, ते आमच्याआधी हसायचे.

“उंदीर बोलायचा का हो, काकू?”

“बोलायचा तर! भाऊजी आवाज काढायचे ना.”

बाबांचा आवाज मला आठवत नाही. तो कुठे टेप केलेला नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, साधाच होता.

काकूंनी कवळी नीट बसवली, डोळे मिटले आणि नाकातून, बारीक, घाईघाईच्या आवाजात म्हणाल्या, “सरका, सरका, ब्रेक लागत नाय! ए ठमाबाई, हो बाजूला, डब्यात आमटी आहे!”

मग डोळे उघडून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “ठमाबाई म्हणजे तू.”

“परत म्हणा ना,” मी म्हटलं.

काकूंनी परत म्हटलं, आणि मी सोफ्यावर बाजूला सरकले.