काउंटरवर टांगलेली यादी

दवाखान्याच्या काउंटरवर सुतळीनं एक यादी टांगली होती आणि एक बाई तिच्यातल्या एका ओळीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. त्यांची शेजारीण मागून आली आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्ही इथे कशा?" बाई हसल्या, पण हात काढला नाही.

ती यादी माझी. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधला, नंबर, नाव, फोन, आजार असे रकाने असलेला तो रिपोर्ट मीच बनवलाय. ही माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून तीन महिने मी कुलपांवर कुलपं घातली. पासवर्ड, ओटीपी, पाच मिनिटं काही केलं नाही की आपोआप लॉगआउट. सातासमुद्रापलीकडचा चोर येईल म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. शेजारीण येईल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही!

मी काउंटरवरच्या मॅडमवर भडकलो. "अहो, लोकांचे आजार असे टांगतात का?"

त्याही तडकल्या. "मग काय करू? तुमचं ते सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी बाहेर काढतं, पुन्हा ओटीपी मागतं. इकडे रांग ओरडते. म्हणून सकाळी एकदाच छापते, लोक आपापला नंबर बघतात."

"निदान आजाराचा रकाना तरी काढायचा!"

"काढायची सोय कुठे ठेवलीय तुम्ही?"

नव्हती ठेवली.

एवढ्यात आतून बाईंचा नंबर पुकारला. शेजारीण अजून तिथेच होती. बाई हात उचलेनात. मी पुढे झालो आणि त्या ओळीवर माझा हात ठेवला.