मेहुण्याला दिलेला सल्ला

शिरूरच्या बाजारपेठेमागे केसांचा एक दवाखाना आहे. मच्छिंद्र तिथे सल्लागार आहे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी रुग्ण त्याच्यासमोर बसतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि बहुधा लग्न जमत नसल्याचे सांगतो. मच्छिंद्र राहू गावचा, बागायतदाराच्या घरातला, विज्ञानाचा पदवीधर. समोरच्याचे ऐकून घेण्याची हातोटी त्याला आहे. माणसे त्याच्यावर चटकन विश्वास ठेवतात, आणि या कथेत नेमकी तीच अडचण आहे.

यंदा दवाखान्याच्या प्रमुख डॉ. अनुपमा यांनी केशरोपण शस्त्रक्रियेतील नीती या विषयावर वैद्यकीय परिषद घ्यायचे ठरवले. तिची आखणी मच्छिंद्रकडे आली. सभागृह, निमंत्रणे, वक्त्यांची ने-आण या कामांत तो रमला. शस्त्रक्रिया डॉक्टरने करायची की मदतनीसाने, जाहिरातीतली छायाचित्रे कितपत खरी असावीत, असे विषय ठरले. माहितीपत्रकाचा मसुदाही त्यानेच केला. डोक्याच्या मागच्या भागातले केस टिकाऊ असतात; तेच मुळासकट काढून पुढे लावले जातात; मागचा साठा संपला की पुन्हा मिळत नाही; म्हणून कोवळ्या वयात, टक्कल अजून वाढायचे असताना, घाई करू नये. हे त्याने स्वच्छ भाषेत लिहिले. डॉक्टर बाईंनी त्याचे कौतुक केले आणि सांगितले, की चुकीच्या सल्ल्याने नुकसान झालेला एक रुग्ण व्यासपीठावर हवा.

मच्छिंद्रने शोधतो म्हटले. शोधण्याची गरज नव्हती. वडगाव रासाईचा गोकुळ, त्याच्या बायकोचा, सुवर्णाचा, धाकटा भाऊ, हाच तो रुग्ण होता. मच्छिंद्र पूर्वी पुण्यातल्या एका दवाखान्यात असताना गोकुळ घरी कुणाला न सांगता त्याच्याकडे आला होता. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. थांबायला हवे, हे मच्छिंद्रला तेव्हाही कळत होते. पण महिन्याला ठरावीक रुग्ण आणण्याची सक्ती होती, आणि गोकुळ दाजींच्या शब्दापुढे शंका काढणारा नव्हता. मच्छिंद्रने त्याला शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगितले. पुढे लावलेल्या केसांच्या मागून टक्कल सरकत गेले. मागचा भाग खरवडल्यासारखा झाला. गोकुळने उरलेले केस वाढवून तो झाकला.

परिषदेची पत्रके छापायला गेली त्याच सुमारास गोकुळचे वडील, जालिंदर मामा, वारले. दहाव्याच्या आदल्या दिवशी गोकुळने मच्छिंद्रला बाजूला घेतले. दाजींनी एवढेच सांगावे, की डॉक्टरांनी वस्तरा लावायला मनाई केली आहे. भावकी दवाखान्यातल्या माणसाचे ऐकेल. मच्छिंद्रने मान डोलावली.

भीमेच्या काठावर न्हावी बसला. चुलते ईश्वर आप्पांनी गोकुळला पुढे व्हायला सांगितले. गोकुळने दाजींकडे पाहिले. मनाई का, हा प्रश्न पाठोपाठ येणार होता, आणि त्याचे उत्तर मच्छिंद्रपाशीच येऊन थांबणार होते. तो नदीकडे पाहत उभा राहिला. गोकुळ खाली बसला.

केस उतरले तशी गोकुळच्या डोक्याची मागची बाजू साऱ्यांना दिसली. केस काढल्याच्या पांढऱ्या ठिपक्यांनी ती भरून गेली होती.

केस चट्ट्याचट्ट्याने गळण्याचा रोग समजून आप्पा वाकून बघत म्हणाले, "आरं, चाई लागली व्हय रं तुला?"

"व्हय, आप्पा. लई दिसापासनं हाय."

आप्पा मच्छिंद्रकडे वळले. "जावईबापू, तुम्ही तर केसाच्याच दवाखान्यात. समद्या तालुक्याच्या डोक्यावर पीक काढता, आन् घरच्या पोराचं रान तेवढं पडीक?"

चारदोन जण हसले. मच्छिंद्रही ओठ ताणून हसला. गोकुळने आपल्याला वाचवले हे त्याला कळले, आणि त्याहून वाईट म्हणजे, वाचल्याचे बरेही वाटले. त्या हसण्याची लाज त्याला सल्ल्याच्या लाजेहून अधिक टोचत राहिली.

शिरूरला परतल्यावर बाईंनी रुग्णाबद्दल पुन्हा विचारले. या वेळी त्याने सांगितले, की रुग्ण आहे, त्याचा मेहुणाच आहे, आणि सल्ला त्याचा स्वतःचा होता.

बाईंनी हातातले पत्रक खाली ठेवले. "तेव्हा तुम्हाला कळत होतं?"

"हो."

बाई म्हणाल्या, की आधी त्या मुलाला विचारा, आणि नाही म्हणायची त्याला पूर्ण मोकळीक आहे हेही सांगा. मच्छिंद्रने आपणही त्याच्याशेजारी बसून सारे कबूल करू असे म्हटले. त्यावर त्यांनी पत्रक पुन्हा उचलले.

तो वडगावला गेला तेव्हा ओसरीवर सासूबाई, कस्तुराबाई, मेथीच्या जुड्या बांधत होत्या. गोकुळ शेजारी बसला होता. त्याच्या डोक्याला कसलासा हिरवा लेप होता. चाईवरचे औषध म्हणून कस्तुराबाई रोज पाला वाटून लावत होत्या. मच्छिंद्रने गोकुळला अंगणात नेऊन परिषदेचे सांगितले.

गोकुळने ऐकून घेतले. "दाजी, माफी मागायची तर हितं मागा. तितं डाक्टर लोकांफुडं मागून काय व्हनार? तितं तुमास्नी टाळ्या मिळत्याल."

मच्छिंद्र गोकुळला घेऊन ओसरीवर परत आला आणि सासूबाईंसमोर खाली बसला. जावयाला जमिनीवर बसलेले पाहून त्या सतरंजी आणायला उठू लागल्या. त्याने त्यांना थांबवले आणि सांगितले. चाई नाही, शस्त्रक्रिया आहे. ती करू नये हे माहीत असताना आपणच करायला लावली. घाटावर तोंड उघडायचे होते, तेही उघडले नाही.

कस्तुराबाईंनी हातातली जुडी पूर्ण बांधली. मग त्या गोकुळच्या डोक्यावरचा लेप पदराने पुसू लागल्या. तो सुकला होता; पुसताना गोकुळने डोळे मिटले.

"सुवर्णीला ठावं हाय?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मंग आदी तिला सांगा. ती काय म्हनती ते बगू." त्या मच्छिंद्रकडे पाहत नव्हत्या. "आन् तवर हिकडं येऊ नका, जावईबापू."

चहाचे कुणी विचारले नाही. मच्छिंद्र उठला. परिषदेच्या त्या सत्रात रुग्ण नसेल, असे त्याने फाट्यावरून बाईंना कळवले, आणि शिरूरची वाट धरली. घरी सुवर्णा होती.