नाव घेतलं तो दिवस

आमचे हे गेल्यावर मला रडू आलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणत, हिचं काळीज दगडाचं हाय. असेल. पीठ संपलं की जात्यावर बसायचं, एवढंच मला सुचत होतं.

वाटण्या आधीच झाल्या होत्या, तेव्हा यांच्या वाट्याचं शेत माझ्या नावावर चढायला हवं होतं. दीर म्हणत होते, ही माहेरी निघून जाईल, शेत मला द्या. माझ्या पदरात एक लेक. वडील मला घेऊन वडवणीच्या बाजारात गेले. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले; तिथल्या अर्ज लिहिणाऱ्यानं उर्दूत कागद करून दिला आणि बजावलं, याची तसदीक करून आणा. म्हणजे, ही बाई त्यांचीच बायको, असा सरकारी शिक्का. शिक्का नसला तर पुढच्या तारखेला शेत दिराचं.

शिक्का कोण मारतो, हे मात्र जो तो वेगळंच सांगे. कुणी काजींकडे धाडलं. काजी भले गृहस्थ, पण म्हणाले, मी निकाहाचे कागद करतो, शेताचे नाही. बैलगाडीनं बीडची तहसील गाठली, तर साहेब दौऱ्यावर. सरकारी काम, सहा महिने थांब. वडील चरफडत होते. मी ओट्यावर बसून मुंगळे बघत होते.

साहेब आले एकदाचे. लोक दुसऱ्याच बाईला पदराआड उभं करून अंगठा उठवतात, म्हणून त्यांनी बाईच्या तोंडूनच नाव ऐकायचा नेम केला होता. कारकुनानं मला नवऱ्याचं नाव विचारलं. वडील मधे पडले.

"साहेब, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. मी सांगतो की."

"उसके मुँह से होना," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. "दूसरे का बोला नै चलता."

यांचं नाव देवाचं होतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी तो देवही टाकला होता. आरतीत तो शब्द आला की ओठ मिटायचे. सासूबाई म्हणत, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. यांना त्याची भारी गंमत. चुलीपाशी येऊन हात जोडायचे, "एकदा घे की. कोण ऐकतंय?" मी फुंकणी उगारायची.

आता घटायला काय उरलं होतं? मी नाव घेतलं. वडिलांनी मान खाली घातली. मला काहीच वाटलं नाही.

"ऐकू न्हाई आलं, बाई," कारकून म्हणाला. "जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं घेतलं. त्यानं लिहिलं, माझा अंगठा उठवला, साहेबांनी शिक्का मारला. कागद धोतराच्या सोग्यात बांधत वडील म्हणाले, झालं बघ काम, शेत वाचलं. मी मान हलवली.

गाडी गावाबाहेर पडली आणि मला रडू फुटलं. वडिलांना वाटलं, सुटल्याचं रडतेय. हे उभा जन्म हात जोडत राहिले, तेव्हा मी फुंकणी उगारली, आणि ओळख ना पाळख त्या कारकुनाला मी ते नाव दोनदा ऐकवून आले होते.