शेवटच्या घरचं पाणी

“शेवटच्या घरी पोहोचलं का?” आमच्या नगरपालिकेत आलेल्या त्या मुख्याधिकाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला होता. दिवे लागले, नालीतला गाळ निघाला, नळ सुटले, काहीही सांगा, साहेब फाईल मिटून हेच विचारायचे. ‘हो’ म्हटलं की स्कूटर काढून स्वतः पाहून यायचे.

तुम्हीही पुष्कळ साहेब पाहिले असतील. येतात, खुर्चीवर नवा टॉवेल टाकतात, जातात. मी पाच वर्षं नगरसेविका होते. वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून मला उभं केलं. चौथी शिकलेली बाई मी. सभेतले कागद कळायला वेळ लागायचा, पण माणूस कळायचा. हा माणूस मला पहिल्याच महिन्यात कळला होता. म्हणून पुढे जे केलं ते न कळता केलं, असं मला म्हणता येत नाही.

दिसायला काही खास नव्हते. बुटके, पॅन्टच्या पायाला कायम चिखल. चहा बशीत ओतून उभ्याउभ्याच प्यायचे. बोलणं पुस्तकातल्यासारखं. आमच्यासारखं बोलायला जायचे आणि ‘मले’ भलत्याच ठिकाणी घालायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना ते कळायचं, तरी पुन्हा बोलायचे.

आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी नळ यायचे. ओळीच्या शेवटी कासाबाईचं घर. पाणी वर चढत नाही म्हणून तिने स्वतः कुदळीने खड्डा खणून नळ खाली घेतला होता. तरी करंगळीएवढी धार यायची, कधी नुसताच वारा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या घरांनी नळाला मोटरी लावल्या होत्या. मोटर पाणी ओढून घेते, पुढच्याला काही उरत नाही. आमच्या घरीही होती.

नळाच्या दिवशी साहेब कासाबाईच्या खड्ड्याच्या काठावर पॅन्ट दुमडून उकिडवे बसायचे. पाणी आलं की तिच्या चुलीतला विझलेला कोळसा घ्यायचे आणि ओसरीच्या भिंतीवर वेळ लिहायचे. नाही आलं तर फुली.

“साहेब, भिंत खराब करून राह्यले तुम्ही माही,” कासाबाई म्हणायची.

“पाणी नीट येऊ लागलं की रंगवून देतो, मावशी.”

भिंतीवर फुल्याच जास्त होत्या.

आमच्या सभेची एक रीत होती. ठरावाला सूचक लागतो, तर ती नावं पाळीपाळीने घालायची. ज्याची पाळी त्याची सही. वाचत कोणी नसे. नळावरच्या मोटरी जप्त करायचा ठराव आला, तेव्हा पाळी माझी होती. मी सही केली आणि चिवड्याची प्लेट पुढे ओढली.

पुढच्या नळाच्या दिवशी साहेब दोन माणसं घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

“मेंबरच्या घरून सुरू करून राह्यले का, साहेब?” मी विचारलं.

“ठरावाच्या सूचक तुम्हीच आहात, ताई. आधी दुसऱ्याकडे गेलो असतो तर तुमचा शब्द खोटा पडला असता.”

आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. स्वतः वाकून त्यांनी पाइपाची पकड सोडवली. मोटर कचऱ्याच्या ढकलगाडीत घालून गल्लीतून नेली. शेजारीण ओट्यावरून म्हणाली, “मेंबरबाईची वरात निघाली वं.” सगळी गल्ली हसली.

दुपारी कासाबाई आली. लुगड्याचा काठ ओला.

“बाई, आज माठ भरला, टाकं भरलं, गोधड्या धुतल्या. तुमच्याच मोटरनं अडून राह्यलं होतं वं.”

ती टोचून बोलत नव्हती, होतं तेच सांगत होती. मला ते जास्त लागलं.

पाण्याचं मोल आमच्या वस्तीला कोणी शिकवायची गरज नव्हती. विहारात दरवर्षी पोरींना तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहाची गोष्ट मीच सांगायची. त्या दिवशी ती आठवली नाही. ढकलगाडी तेवढी आठवत राहिली.

साहेबांनी मग एकेका मेंबरची मोटर काढली. महिनाभरात निवेदन तयार झालं. मनमानी कारभार, लोकप्रतिनिधींशी उद्धट वर्तन, बदली करावी. पहिली सही माझी हवी होती, कारण पहिला अपमान माझा झाला होता. हा कागद मात्र मी वाचला, बोट ठेवून, शब्द न् शब्द. त्यातलं एकही खरं नव्हतं. मी सही केली. बुलढाण्याला कलेक्टर साहेबांकडे द्यायला गाडीत बसूनही गेले.

बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम कोणी ठेवला नाही. जायच्या दिवशी नळ होते. साहेब कासाबाईकडे बसून आले आणि परतताना आमच्या दारात थांबले.

“येतो, ताई.”

“साहेब, निवेदनावर कोनाकोनाच्या सह्या आहेत, तुम्हाले माहीत आहे?”

“प्रत मलाही आली.” मग म्हणाले, “शेवटच्या घराकडे तेवढं पाहत जा.”

मी ‘हाव’ म्हटलं.

नवे साहेब आले. गोड बोलायचे, प्रत्येक मेंबरला वाकून नमस्कार करायचे. आठवड्याच्या आत मोटरी आपापल्या घरी परत पोहोचल्या. माझीही आली. मी ती लावली. हे कोणाला सांगत नाही, पण लिहायला बसले आहे तर लिहिलंच पाहिजे. मी ती लावली, आणि माझी मेंबरकी संपेपर्यंत चालवली.

आता आमच्या वॉर्डात नवी मेंबर आहे. शिकलेली पोरगी. परवा विचारत होती, “काकू, आम्हाले नवा साहेब मागायचा आहे. काय पाहून मागावा?”

मी सांगितलं, साहेब सरकार पाठवतं. आपल्याला निवडता येत नाही, घालवता मात्र येतो. आणि तिला कासाबाईच्या घरी नेलं.

कासाबाई गेली त्याला तीन वर्षं झाली. सून राहते. खड्ड्यातल्या नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली होती. घराला नवा रंग दिलेला, ओसरीची तेवढी भिंत तशीच. सासूने सांगून ठेवलं होतं म्हणे, ती साहेब रंगवून देणार आहेत. कोळशाच्या फुल्या, फुल्या, फुल्या, मग खाली ओळीने वेळा. सात पन्नास. सात पंचेचाळीस. सात चाळीस. त्याच्या खाली कोरी भिंत.

पोरगी बराच वेळ वाचत होती.

“तुह्या घरी मोटर आहे का वं?” मी विचारलं.

तिने भिंतीवरून नजर काढली नाही. मीही भिंतीकडेच पाहत राहिले.