चव न घेता केलेला पास्ता

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चव घेणं हा गुन्हा आहे. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी पातेल्याजवळ तोंड हललं, की सगळं उष्टं. मी राहुरीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माझी आई तळहातावर आमटी घेऊन चाखायची, मग मीठ टाकायची. लग्न होऊन सावेडीच्या या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे चालत नाही." 'तुमच्याकडे' हा शब्द त्या असा काही उच्चारतात, की आपण अजून दाराबाहेरच उभे आहोत असं वाटतं.

तेरा वर्षं मी अंदाजाने मीठ घातलं. वरण, भाजी, कढी, हाताला सगळ्याचं माप बसलं. त्याचं कौतुक एकदाही झालं नाही.

गेल्या वर्षी मुलीला बारावं लागलं. वाढदिवसाला तिने पहिल्यांदाच वर्गातल्या पाच मैत्रिणींना घरी बोलावलं. एरवी ती कुणाला आणत नाही. आजी दारातच आडनाव विचारते, याची तिला लाज वाटते. तिला हवा होता पांढऱ्या सॉसचा, भरपूर चीजचा पास्ता, माझ्या हातचा. सासूबाई म्हणाल्या, "वाढदिवसाचं जे शिजेल ते आधी देवापुढे. आणि लसूण नको." नवरा पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे, जाऊ दे ना." त्याचे सगळे प्रश्न एका दिवसाचेच असतात.

मी बटर वितळवलं, मंद आचेवर मैदा परतला, रंग बदलू दिला नाही. थोडंथोडं दूध घालत ढवळत राहिले, एक गुठळी होऊ दिली नाही. गॅस बंद करून किसलेलं चीज मिसळलं, वर मिरपूड. मग सवयीने मीठ घातलं, भाजीला घालते तेवढंच. बटर खारं, चीज खारं, पास्ता उकडला ते पाणीही मिठाचं, हे डोक्यात आलंच नाही. जीभ लावली असती तर लगेच कळलं असतं. पण सासूबाई दारात उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

देवाने तक्रार केली नाही. मुलींनी मात्र पहिल्या घासालाच पाण्याचे ग्लास उचलले. एकीने घास हळूच ताटलीच्या कडेला काढून ठेवला. माझ्या मुलीने हट्टाने चार घास खाल्ले, मग तिचे डोळे भरले.

"आई, तू चव का नाही बघितलीस?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चव बघावी लागते ती ज्यांच्या हाताला माप नाही त्यांना. माझं मीठ आजवर चुकलेलं नाही."

त्या क्षणी मला त्या बाईचा तिरस्कार वाटला. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चाखल्याबिगर मीठ कळतंय व्हय? लेकरापरीस नेम मोठा हाय का गं?"

पुढच्या रविवारी मी त्याच मुलींना परत बोलावलं. मुलगी नको म्हणत होती, शाळेत हसल्या तशा पुन्हा हसतील म्हणत होती. मी ऐकलं नाही. सॉस केला, लसूण घालून. सासूबाई दारात होत्याच. त्यांच्या डोळ्यांत बघत मी चमचा तोंडात घातला, नीट चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं आणि दुसरा चमचा घेऊन पुन्हा चाखलं.

"उष्टं झालं ते," त्या म्हणाल्या.

"झालं," मी म्हटलं. "देवाचं आता तुमचं तुम्ही बघा."

मुलींनी पातेलं पुसून खाल्लं. आता त्या न विचारता येतात.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी देवघरापाशी वेगळी शेगडी मांडली. नैवेद्याचा वरणभात स्वतः करतात, तोच जेवतात, माझ्या हातचं खात नाहीत. अलीकडे त्यांच्याकडून मीठ दोनदा पडतं. चाखायचं नाही, त्यामुळे पानावर बसेपर्यंत त्यांनाही कळत नाही. परवा नैवेद्य झाल्यावर मुलीने त्यांच्या पातेल्यातलं वरण वाटीत घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला नजरेनेच गप्प केलं. दया आली म्हणून नव्हे. सासूबाई तांब्याभर पाणी प्यायल्या, पण शेवटच्या शितापर्यंत जेवल्या, आणि मान वर केली तेव्हा मी समोरच उभी होते.

"अजून थोडं वरण घ्या ना," मी म्हटलं.