लांबच्या तारखेची पाकिटं

अक्का दुकानात तयार खाण्याचं समोरचं पाकीट कधीच उचलत नसत. खांद्यापर्यंत हात फळीच्या आत घालून त्या अगदी मागचं पाकीट ओढून काढत, पदराने पुसत आणि माझ्यापुढे धरत.

"इंग्लिशबाई, तारीख वाच."

आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहत. यजमान गेलेले, मुलगा हुबळीला. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे सासूबाईंशी कानडी आणि बाकी सगळ्यांशी मराठी. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, पण बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचता येतं. अक्कांना माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

सकाळी सासूबाई उठायच्या आत अक्का तलावाकाठी फिरून येत. तिथे फिरणाऱ्या बायकांचा त्यांचा एक गट होता. दर हिवाळ्यात हा गट उजनीच्या काठी एक रात्र तंबूत राहायला जाई, आणि खाण्याची जबाबदारी अक्कांवर असे. त्यांच्याइतकं स्वस्तात कुणाला जमत नव्हतं.

"डब्यावरच्या चित्राला भुलू नगंस. वजन बघ," त्या म्हणत. "डबा केवढा, अन् आत मूठभर." पाकीट उकळत्या पाण्यात ठेवून गरम करायचं असेल तर ते बाद, कारण गॅस फार जातो. नुसतं गरम पाणी ओतलं की फुगणारा उपमा, पोहे, खिचडी चालत. त्यातही पोट भरायला कडक भाकरीची चळत आणि शेंगाची चटणी आपलीच न्यायची. "भाकरी आपली, वरचं तेवढं इकत घ्यायचं. म्हंजे परवडतंय की."

बिल करायच्या जागेशेजारी एक टोपली असे. तारीख संपत आलेली पाकिटं त्यात अर्ध्या किमतीत मिळत. पैसे वाचवणाऱ्या अक्का त्या टोपलीकडे बघतही नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते जाणाऱ्यांसाठी हाय."

त्याचा अर्थ मला हिवाळ्यात कळला. गटाची जीप आली. अक्कांनी सगळ्यांच्या पिशव्या चढवल्या, कुणाला तिखट कमी लागतं तेही सांगितलं, आणि स्वतःच्या वाटणीचं घेऊन परत घरात गेल्या. सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. मी बसते म्हणून एकदा बसून पाहिलं होतं. अक्का कोपऱ्यावरच्या मेडिकलातून येईपर्यंत म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. अक्का आल्यावर म्हणाली, "एल्ली होगिद्दी?" कुठं गेली होतीस? अक्कांनी तिची उशी नीट केली.

तेव्हापासून मागच्या पाकिटांचं मला कोडं राहिलं नाही. कधी जायला मिळेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांत लांबची तारीख.

तीही जवळ येई. मग एखाद्या संध्याकाळी जिन्यातून हाक येई, "चल गं, ट्रिपला." गच्चीवर सतरंजी, थर्मासमध्ये गरम पाणी, दोन वाट्या. अक्का पाणी ओतून झाकण ठेवत आणि कठड्यापलीकडे बघत बसत. खिचडी फुगायच्या आतच खालून सासूबाईंचा चमचा वाटीवर वाजे. "खा तू, आलेच," म्हणून त्या उतरत. मी एकटीच खाऊन वाट्या घेऊन खाली जाई.

"कशी होती?"

"मीठ जास्त होतं."

"मग पुढल्या टायमाला दुसरी कंपनी बघू."

गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. नंतर कितीतरी दिवस अक्का बोलता बोलता मध्येच थांबत आणि कान देत. थंडी पडल्यावर आम्ही दुकानात गेलो. त्या फळीकडे वळल्याच नाहीत, सरळ टोपलीशी गेल्या.

"अक्का, ही आठवड्यात संपतात."

"आठवड्यात जायचंय की."

माझ्यासाठीही त्यांनी बाबांना विचारलं. "पोरीला येऊ द्या आमच्यासंगं. सगळ्या बायकाच हायत." बाबा हसून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, अक्का. नाहीतर लग्न झाल्यावर जाईलच की कुठं जायचं तिथं." बाबा कधी रागावत नाहीत, त्यामुळे भांडायला जागाच मिळत नाही. मी चहाचे कप उचलून आत गेले. माझं ऑफिसचं कामही घरूनच असतं. तलावाच्या पुढे मी एकटी कधी गेलेली नाही.

निघायच्या सकाळी अक्का पायात बूट घालून फाटकाशी उभ्या होत्या. कुलूप दोनदा ओढून पाहिलं, तरी एकदा परत जाऊन खिडकीतून आत डोकावल्या. जीप आली तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. पोह्यांचं होतं. कोपरे दबलेले, फळीच्या मागून ओढलेलं.

"दुकानातल्या पोराकडनं वाचून घेतली तारीख. लांबची हाय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पण तवर थांबू नगंस. मी लई थांबले."

त्या चढल्या. मागे वळून बघतील असं वाटलं होतं, पण त्या शेजारणीशी बोलत होत्या.

उजनीहून परतल्यावर थोड्याच दिवसांत मुलगा त्यांना हुबळीला घेऊन गेला. खाली आता दुसरं बिऱ्हाड आहे. पाकीट माझ्या कपाटात कपड्यांखाली आहे. अधूनमधून काढून मागची बारीक अक्षरं वाचते. तारीख अजून गेलेली नाही.